नवा चिमटा आणि मागची सीट

गेली दोन वर्षं माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर फक्त कांदे बसत होते. माणूस बसायला तयार नव्हता. कांद्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ते बसत होते.

गाडी तशी साधीसुधी नव्हे. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, भारदस्त, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवणारी काच. लोणावळ्याच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दिवसभर मिक्सर आणि पंखे उघडून बसणारा माणूस लडाखचीच स्वप्नं बघणार, दुसरं काय! प्रत्यक्षात या गाडीने मला आजवर कामशेत, वडगाव, सासुरवाडी आणि एकदा (रस्ता चुकल्यामुळे) उर्से एवढंच दाखवलं होतं. पण त्या पेट्या लावून मी कामशेतला जरी निघालो तरी लोक विचारायचे, "लांब निघालात वाटतं?" आणि मी नुसतं गूढ हसायचो.

दोन वर्षांपूर्वी मंजूला, म्हणजे माझ्या बायकोला, मागे बसवून मी तिच्या माहेरी पवनानगरला निघालो होतो. बेडसे ओलांडून पुढच्या एका वळणावर गाडीचं मागचं अंग डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. मी एकीकडे चाललो होतो आणि मागचं चाक त्याच्या मनाने दुसरीकडे. सगळं स्थिर झालं तेव्हा मी रस्त्यावर होतो आणि मंजू शेजारच्या भाताच्या खाचरात. लागलं काही नाही, चिखल मऊ होता. त्या चिखलात बसल्या बसल्याच, उठायच्याही आधी, तिने जाहीर केलं, "या गाडीवर मी पुन्हा बसणार नाही."

यावर मी म्हणालो, "तुला किती वेळा सांगितलं, घट्ट धरून बस म्हणून." (काही वाक्यं बोलायची नसतात, हे मला ती बोलून झाल्यावर कळतं.) पुढचे तीन दिवस घरात माझ्याशी फक्त टीव्ही बोलत होता.

यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. दोघांनी मिळून या गाडीवरून कोकणात जावं, हरिहरेश्वरला समुद्र बघत बसावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. गाडी घेतली तीच त्यासाठी. बारा वर्षं झाली, मुलगी शिकून नोकरीला लागली, आणि मी अजून पेट्या लावून कांदे आणत होतो. मी आठ दिवस मंजूच्या मागे लागलो. भाजी निवडता निवडता शेवटी ती म्हणाली, "बरं. एक संधी देते."

मी सुरी खाली ठेवली. (मी भाजी चिरत होतो. मागे लागण्याचा तो भाग होता.)

"लग्नाच्या वाढदिवशी मी मागे बसते. इथून पवनानगरपर्यंत. वाटेत मागचं एकदा जरी हललं, किंवा काही विचित्र वाजलं, तर गाडी तिथेच दत्तूला देऊन टाकायची. कोकणात एसटीने जाऊ."

"आणि नाही हललं तर?"

"तर तू म्हणशील तिथे येईन."

दत्तू हा माझा मेहुणा. पवनेच्या काठाला त्याची शेती आहे आणि शेतात पर्यटकांसाठी लावलेले चार तंबू. माझ्या गाडीवर त्याचा पहिल्या दिवसापासून डोळा. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"दाजी, ताईनं सांगितलं मला. मी शेड झाडून ठिवलंय."

"कशाला?"

"न्हाई म्हंजे, गाडीला सावली लागंल न्हवं."

मी तडक हमीदभाईंकडे गेलो. जुन्या हायवेला, कामशेतच्या अलीकडे त्यांचं गॅरेज आहे. तीस वर्षं या एकाच माणसाने मावळातल्या निम्म्या गाड्या चालत्या ठेवल्या आहेत. माणसांशी ते फार बोलत नाहीत. गाडीशी मात्र बोलतात. त्यांनी माझी गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, आणि "अरे अरे अरे" असं चाकाला म्हणाले.

"भाऊ, चिमटा थकलाय."

चिमटा म्हणजे स्विंगआर्म. मागचं चाक ज्या दोन लोखंडी पायांच्या मध्ये धरलेलं असतं ना, तो भाग. चाक खड्ड्यात जातं तेव्हा हाच वरखाली होतो, आणि हाच ढिला पडला की मागचं चाक आपल्या मनाचा कारभार सुरू करतं.

"तुमचा चिमटा गोल नळीचा आहे, बारीक. एकटे बसता तेव्हा ओढून नेतो. वहिनी बसल्या की..."

"हमीदभाई, वहिनींचं वजन काढू नका."

"मी पेट्यांचं म्हणत होतो," हमीदभाई थोडा विचार करून म्हणाले.

त्यांनी उपाय सांगितला. चौकोनी नळ्यांचा जाड चिमटा बसवायचा. आतून पोकळ, पण पीळ पडणार नाही. शिवाय दोन इंच जास्त लांब, म्हणजे वळणावर गाडी बसकी राहील. असा चिमटा पुण्यात एक जण बनवून देतो, पाच दिवसांत येईल.

आला. काळाकुळकुळीत, जड, दणकट. मी तो थेट गॅरेजात न्यायला हवा होता. पण मला तो मंजूला दाखवायचा होता, म्हणून मी तो घरी आणला. पुढचं सगळं रामायण त्या एका हौसेपायी घडलं.

मंजूने चिमटा पाहिला आणि "बरा आहे" म्हणाली. आईने मात्र पाहिला आणि हात जोडले. आईचं वय शहात्तर. घरात फ्रीज येवो, गॅसची शेगडी येवो, नाहीतर दुकानात नवं ड्रिल मशीन येवो, पूजा झाल्याशिवाय आई त्याला कामाला लावू देत नाही.

"नवं लोखंड आलंय घरात. उद्या सकाळी पूजा, मग ने कुठे न्यायचं ते."

"आई, ही गाडी नाही. गाडीचा सुटा भाग आहे. गाडीची पूजा बारा वर्षांपूर्वी झालीय."

"तेव्हा हा भाग होता का गाडीला?"

नव्हता. आईशी वाद घालताना हीच अडचण होते, की तिचं म्हणणं अडाणीपणाचं वाटतं आणि उत्तर सापडत नाही.

सकाळी चिमटा देवघरासमोर पाटावर उभा केला. भिंतीला टेकवून, दोन्ही पाय वर करून. आईने समई लावली, विड्याची पानं मांडली, आणि देवघरातला गणपती पूजेला घेतला. हा गणपती म्हणजे सुपारी. आईच्या लग्नात पूजलेली, पन्नासहून अधिक वर्षं आईच्या बोटांनी गुळगुळीत झालेली, घरातल्या प्रत्येक कार्याला आधी मान असलेली. समोरच्या गायकवाडकाकू आल्या, त्यांच्या दोन्ही सुना आल्या. चिमट्याला हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. अक्षतांना तर सुमारच नव्हता. आमच्याकडे तांदूळ दत्तूच्या शेतातला, इंद्रायणी, आणि बायकांचा हात सढळ.

"कशाची पूजा म्हणे?" धाकट्या सुनेने हळूच विचारलं.

"मंजूचं मागे बसणं आहे त्याची," गायकवाडकाकूंनी सांगितलं. एकंदरीत गल्लीला विषय ठाऊक होता.

इकडे हमीदभाईंचे फोनवर फोन. आरती संपली तसा मी चिमटा उचलला, अंगणात नेऊन त्याच्यावरची फुलं-पानं झटकली, खांद्यावर टाकला आणि निघालो. आई मागून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, जपून जा म्हणतेय. मी हात हलवला.

गॅरेजात जुना चिमटा तासाभरात निघाला. नवा बसायला पूर्ण दिवस गेला. चिमटा दोन इंच लांब, म्हणून चेन आखूड पडली. चेन वाढवली तर ब्रेकचा रॉड पुरेना. रॉड वाढवला तर मडगार्ड चाकापासून लांब, एकटंच हवेत लोंबकळू लागलं. मडगार्ड मागे सरकवलं तर पेट्या बसेनात. पेट्या बसवल्या आणि गाडी मधल्या स्टँडवर चढवली, तर चाक जमिनीला टेकलेलंच.

"एक माणूस नवा आला की बाकीचे सगळे रुसतात," हमीदभाई स्टँडच्या पायांना लोखंडाचे तुकडे जोडत म्हणाले.

मी मदत करत होतो. (ज्याला मिक्सर उघडता येतो त्याला मोटरसायकल का येऊ नये, असं माझं मत होतं.) एका मुख्य बोल्टचं नट हरवलं. हमीदभाईंनी पाऊण तास जमिनीवर गुडघ्यांवर बसून शोधलं, चुंबक फिरवला, ऑइलचा डबा गाळून पाहिला. ते नट माझ्या शर्टाच्या खिशात सापडलं. ते तिथे मीच जपून ठेवलं होतं, हरवू नये म्हणून. हमीदभाईंनी ते माझ्या हातून काढून घेतलं. नंतर एवढंच म्हणाले, "भाऊ, चहा आणता का? जरा लांबून आणा."

संध्याकाळी मी गाडी रस्त्यावर काढली, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. गाडी दोरीत चालत होती. वळणावर टाकली तर रेल्वेच्या डब्यासारखी निमूट मागे आली. कार्ला फाट्यापर्यंत गेलो, मुद्दाम खड्ड्यांतून नेली, मागचं चाक जागचं हललं नाही. मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणायला लागलो. तेवढ्यात समोर म्हैस आली म्हणून ब्रेक मारला.

टक.

मी गाणं थांबवलं. गिअर टाकून निघालो.

टक.

ब्रेक मारला की पुढे टक, वेग घेतला की मागे टक. गतिरोधकावर गाडी चढली की आधी सर्रर्र, मग टक. मंजूच्या अटीतली दोन कलमं मला आठवली. हलणं थांबलं होतं, पण विचित्र वाजणं नव्याने सुरू झालं होतं.

घरी आलो तर घरात भलतंच. आईचा गणपती हरवला होता.

पाट झाडून झाला होता, देवघर रिकामं करून झालं होतं, निर्माल्य तीनदा चाळून झालं होतं. मंजू कपाटाखाली टॉर्च मारत होती आणि आई पलंगावर डोळे मिटून बसली होती.

"उंदराने नेला असेल," मी म्हणालो.

"स्वतःच्या मालकाला?" आईने डोळे न उघडता विचारलं.

मग तिने सांगून टाकलं, की गणपती सापडेपर्यंत ती चहा घेणार नाही. तुम्हाला माझी आई माहीत नाही, म्हणून या वाक्यातलं गांभीर्य कळणार नाही. आई दिवसातून सहा वेळा चहा घेते. चहावाचून ती स्वयंपाकघरात फिरायला लागली की भांडी आपोआप जागेवर जातात. लग्नाच्या वाढदिवसाला पाच दिवस उरले होते. घरात चहा न पिणारी आई, आणि बाहेर टक करणारी गाडी.

पुढचे तीन दिवस मी दुकान मुलीच्या भरवशावर टाकून गॅरेजात काढले. (ती सुट्टीवर आली होती. तिने तीन दिवसांत दोन मिक्सर विकले. मी महिन्यात एक विकतो. तो विषय वेगळा.) हमीदभाईंनी चेन उघडली, शॉकअप काढून घातले, ब्रेक खोलला, शेवटी गिअरबॉक्सचं झाकणही काढलं. टक तशीच. गॅरेजात बसायला येणारे सगळे तज्ज्ञ होते. एक म्हणाला बेअरिंग, एक म्हणाला सायलेन्सर. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या गुडघ्यातून तर येत न्हाई ना आवाज?" मी तीनदा उठबस करून खात्री करून घेतली.

तिसऱ्या दिवशी हमीदभाईंनी त्यांचा हुकमी उपाय काढला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला, म्हणजे आतला आवाज स्पष्ट ऐकू येतो. पण आवाज यायचा गाडी चालत असताना. म्हणून पेट्या काढल्या, मी गाडी चालवायला बसलो आणि हमीदभाई मागच्या सीटवर पालथे झोपले. एक हात सीटला, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर, डोकं खाली, पाय मागे हवेत.

"हळू चालवा, भाऊ. लोणावळ्यापर्यंत जाऊन येऊ. मी हो म्हणालो की ब्रेक मारा."

या अवस्थेत आम्ही भर बाजारातून गेलो. लोकांनी वाट दिली. एका पोलिसाने हात वर केला, नीट पाहिलं, आणि मग काही न सुचून हात खाली घेतला. भाजीच्या गाड्यांपाशी मंजू उभी होती. तिच्या हातात मेथीची जुडी होती. मी मान खाली घातली, पण हेल्मेट माझं आणि गाडी माझी.

संध्याकाळी तिने विचारलं, "हमीदभाई मागे का झोपले होते?"

"थकले होते," मी म्हणालो.

मंजू मेथी निवडायला बसली. नंतर ती दत्तूला फोन करताना दिसली, त्यामुळे मला रात्रभर झोप आली नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी हमीदभाईंचाच फोन आला. गाडी त्यांच्याकडे ठेवली होती. "या जरा," एवढंच म्हणाले. मी गेलो. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर पाच-सहा तांदूळ होते, पिवळे आणि लाल.

"चिमट्याच्या टोकाला बसवलेली टोपी काढली, तर हे पडले. भाऊ, या तर हळद-कुंकू लावलेल्या अक्षता आहेत. आत किलोभर असतील. पण टक तांदळाची नाही. आत काहीतरी गोल फिरतंय, सुपारीएवढं."

आईचा हरवलेला गणपती सुपारीचाच आहे, हे मी त्यांना सांगितलं.

"मावशींना फोन लावा," हमीदभाई म्हणाले.

आई रिक्षाने आली, सोबत मंजू. आईने गाडीकडे पाहिलं, हमीदभाईंनी गाडी जरा पुढे-मागे ढकलून दाखवली, आतून टक झाली, आणि आईने गाडीला हात जोडले. तेव्हा उलगडा झाला. पूजेत सुपारी पाटावर ठरेना, घरंगळायची. चिमट्याच्या वर केलेल्या टोकाला आईला छान गोल खळगा दिसला. त्यावर विड्याचं पान ठेवून तिने गणपती तिथे बसवला. मी फुलं-पानं झटकली आणि गणपती सरळ आत गेला.

"आई, तो खळगा नव्हता. नळी आहे ती. पोकळ."

"मला काय माहीत, तुमच्या नव्या वस्तूंना तळ नसतो म्हणून. आणि तुला मागून ओरडून सांगत होते, थांब, देव उचलू दे. तू हात हलवलास."

मंजूने माझ्याकडे पाहिलं. मी चेनकडे पाहिलं.

"चिमटा उतरवतो," हमीदभाई म्हणाले. "मधला बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागेल, अर्धा दिवस जाईल."

"देव आत असताना हातोडा चालायचा नाही," आई म्हणाली.

"मग खालून ड्रिलने भोक..."

आईने नुसतं बघितलं. हमीदभाईंनी ड्रिल जागेवर ठेवलं. मग बराच वेळ ते गाडीभोवती फिरले, आणि गाडीशी काहीतरी बोलले. शेवटी म्हणाले, "एकच रस्ता आहे. चिमट्याची टोकं मागच्या बाजूला आहेत, टोप्या काढल्यात. गाडीचं तोंड आभाळाकडे करायचं. देव आपल्या पायांनी खाली येईल."

त्यांनी आधी स्वतःच्या चपला काढल्या आणि गॅरेजाबाहेर ठेवल्या. ते बघून सगळ्यांनी काढल्या. तीन दिवस सल्ले देणारे तज्ज्ञ, शेजारचा पंक्चरवाला, बससाठी थांबलेले दोघे, असे आठ जण जमलो. हँडल धरून आम्ही ते धूड मागच्या चाकावर उभं करायला लागलो. हायवेवरच्या गाड्या हळू होऊ लागल्या. एका मोटारीतून कोणीतरी मोबाइल बाहेर काढला.

"अजून वर," हमीदभाई म्हणत होते. "हळू. झोळीतलं बाळ आहे समजा."

मी बरोबर टाकीखाली होतो. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं, आधी कानावर, मग मानेवरून सरळ पाठीत. सोडावं तर गाडी आठ जणांवर येणार. मी तसाच अभिषेक घेत उभा राहिलो. हमीदभाईंनी चटकन रस्त्याकडे ओरडून सगळ्यांना विड्या विझवायला लावल्या, आणि या एका गोष्टीबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

मागे चाकाशी आई वाकून पदर पसरून उभी होती. आधी तांदूळ आले, धार लागली. मग थांबले. मग आतून अगदी सावकाश आवाज आला. टक. टक. आणि सुपारी टपकन आईच्या पदरात पडली.

आईने सुपारी डोळ्यांना लावली, पुसली, उलटसुलट करून बघितली. ग्रीसमुळे तिला चांगली चकाकी आली होती. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "हमीद, चहा सांग. दोन. दोन्ही मला."

मला मात्र वेगळीच धास्ती. मंजूला आता सगळंच कळलं होतं. चार दिवस मी टक लपवली होती, हमीदभाई थकले होते असं धडधडीत खोटं बोललो होतो. मी पेट्रोलने निथळत तिच्यासमोर उभा राहिलो. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तिचा चेहरा वाकडातिकडा व्हायला लागला. मला वाटलं, रडते की काय. ती गॅरेजातल्या टायरवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पंचवीस वर्षांत मी तिला इतकं हसवलं नव्हतं, आणि तेही एक शब्द न बोलता.

"दत्तूला फोन कशाला केला होतास?" मी धीर करून विचारलं.

"उद्या आम्ही जेवायला आहोत, मटण कर म्हणून. पण अट अटच," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या काही हललं किंवा वाजलं, तर गाडी दत्तूची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मंजूने नवा कुर्ता घातला होता, हेल्मेट घातलं होतं, आणि दोन्ही हातांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की मला श्वास आखूड पडत होता. मी तक्रार केली नाही. वलवण मागे पडलं. गाडी दोरीत. कार्ला फाटा मागे पडला. टक नाही, सर्र नाही, काही नाही. मी खड्डा चुकवला, गाडी अलगद वळली आणि अलगद सरळ झाली. मला इतका आनंद झाला होता की तो कोणाला तरी सांगायलाच हवा होता.

"मंजू," मी म्हणालो, "बघितलंस?"

उत्तर नाही.

"हललं का काही?"

उत्तर नाही. माझ्या पाठीवर हेल्मेटचं वजन टेकलं होतं. मी आरशात पाहिलं. मंजू गाढ झोपली होती.

पहाटे उठून तिने घरचं सगळं आवरलं होतं, सासूबाईंचे दोन चहा केले होते, आणि गाडी इतकी नितळ चालत होती की तिला डोळा लागला. गाडीला याहून मोठी शाबासकी कोण देणार! पण त्याच क्षणी मला घाम फुटला. झोपलेलं माणूस वळणावर कलंडतं. ब्रेक मारला तर मान हिसकते. मी वेग कमी केला. अजून कमी केला. कामशेतचं वळण आलं. पवनानगरला तिथून उजवीकडे जायचं असतं. वळणासाठीच तर सगळा खटाटोप केला होता, आणि तेच एक वळण घेण्याची माझी छाती होईना. मी सरळ गेलो.

गाडी बाजूला लावून तिला उठवता आलं असतं. खरं सांगतो, मला उठवायचंच नव्हतं. तिचे हात माझ्या कमरेभोवती होते, पाठीवर तिचा श्वास जाणवत होता, ऊन छान होतं. वडगाव गेलं. खिशात दत्तूचा फोन थरथरून थरथरून थकला. सोमाटणे फाटा आला, पुढे शिरगावच्या साईमंदिराकडे जाणाऱ्या भक्तांची गर्दी दिसू लागली. पायी चाललेल्या दोन आजीबाई आमच्या पुढे निघून गेल्या. त्यातल्या एकीने हात जोडून "साईराम" म्हटलं. मी मान हलवली, जपून.

मागून एक दूधवाला मोपेडवर आला. दोन्ही बाजूंना किटल्या, खडखड आवाज. तो आमच्या बरोबरीला आला, गाडीच्या पेट्या बघितल्या, पुढची काच बघितली, जाड चिमटा वाकून बघितला.

"भाऊ, येवढी मोठी गाडी, आन् येवढी हळू? काय बिघाड झालाय व्हय?"

"हळू बोला," मी कुजबुजलो. "बिघाड नाही. कालच पूर्ण दुरुस्त करून घेतलीय."

त्याला माझी कीव आलेली स्पष्ट दिसली.

"मंग मेकॅनिक बदला," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.